झिजलेलं वॉरंटीत बसत नाही

नव्या गाडीला जादा वॉरंटी घ्यायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरात थेट गावदेवीपर्यंत गेला. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. वाटू दे. मी त्या दिवशी तिथे होते, आणि जे बघितलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि स्कूटीवर येऊन-जाऊन असते. चारचाकीची हौस मला कधीच नव्हती. गाडी घ्यायची ठरली ती बाबांच्या छातीमुळे. शेतावरून घरी येताना त्यांना मध्येच बांधावर बसावं लागायचं, आणि कुणी बघितलं तर भात बघत बसलोय असं सांगायचे.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना आडवं करून छातीवर यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या-करड्या धुरात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. ही झडप, डॉक्टर म्हणाले. अगं बाई, मी माझ्या बापाचं काळीज बघत होते! हा माणूस नांगर धरत होता, गवताचे भारे वाहत होता, माझ्यावर डाफरत होता, घोरत पडला होता, तेव्हाही आत हे असंच चाललं होतं, एका दिवसाची रजा न घेता. मला हात जोडावेसे वाटले. दवाखान्यात बरं दिसणार नाही म्हणून जोडले नाहीत.

डॉक्टर सांगत होते की झडप वयानं झिजलीय, कडक झालीय, पुरती उघडत नाही. ऑपरेशन करून नवी बसवता येते, पण अंगात ताकद आहे तोवरच. टाळत राहिलात तर पुढे आम्हालाच नको म्हणावं लागेल, आणि मग फार दिवस हातात राहणार नाहीत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबा सगळं ऐकून घेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, नाय करायचं. का, तर नाय. मी चिडले, रडले, अबोला धरून बघितला. ढिम्म हलले नाहीत. शेवटी निदान तपासणीला तरी नीट नेता यावं म्हणून मी गाडी नोंदवली. दसऱ्याला मिळणार होती.

गाडी पसंत करायला बाबांना हायवेवरच्या शोरूममध्ये घेऊन गेले. त्यांनी आत बसायच्या आधी चपला काढल्या. तिथली मुलगी म्हणाली, काका, राहू द्या हो, तर यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी शेजारी बसले, दारं लावली, आणि हायवेचा सगळा आवाज एकदम बंद झाला. काचेतून ट्रक जाताना दिसत होते, पण नुसतेच दिसत होते. बाबा हरखून गेले. काचेला बोट लावून बघितलं, पुढच्या फळीवरून हात फिरवला. मग त्या शांततेत आम्हा दोघांनाही एकच गोष्ट ऐकू यायला लागली, त्यांचा श्वास. घरात कोंबड्या, पंखा, टीव्ही असतो, तो कधी इतका ऐकू आला नव्हता. मी घाईघाईनं दार उघडलं.

मग त्या मुलीनं वॉरंटीचं काढलं. तीन वर्षं कंपनीची आहेच, थोडे जास्त भरलेत तर आणखी दोन वर्षं मिळतात. आत्ता घ्या नाहीतर नंतर, पण पहिली संपायच्या आत. एकदा संपली की मागून मिळत नाही. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि चौथ्या वर्षी काय काय करून देणार ते विचारलं. तिनं सांगितलं, इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंग, वायरिंग. ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर हे मात्र नाही.

"ते का नाय?" बाबा म्हणाले.

"ते वापरानं झिजतंच ना काका. बिघडलं तर आम्ही देतो. झिजलेलं वॉरंटीत बसत नाही."

बाबा खूश! येताना रिक्षात तेच, संध्याकाळी पारावर तेच. कंपनीवाले किती हुशार असतात बघा म्हणून प्रत्येकाला ऐकवलं. आणि जेवताना मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला, तर शांतपणे भाकरी मोडत मला म्हणाले, डॉक्टर काय बोलला? झिजलीय बोलला. बिघडलीय नाय बोलला. मग आपलं वॉरंटीत बसत नाय, बाय. मनात त्या शोरूमवालीचा उद्धार करून मी ताट उचललं.

वॉरंटीचं माझं काही ठरत नव्हतं. कारखान्यातले निम्मे म्हणत, फुकटचा खर्च, गाडीला पाच वर्षं काही होत नाही. निम्मे म्हणत, आताच्या गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक, एक पार्ट गेला की कंबरडं मोडतं. पण माझं घोडं अडलं होतं ते भलतीकडेच. चौथ्या-पाचव्या वर्षाचा विचार करायला बसले की मला गाडी दिसायची, मी चालवताना दिसायचे, आणि बाजूची सीट रिकामी दिसायची. त्या दोन वर्षांसाठी सही करायला माझा हात धजत नव्हता. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दसरा जवळ आला. त्या मुलीचे फोनवर फोन. माझी चालढकल बघून बाबा एका सकाळी म्हणाले, उगा कशाला झुरतेस, देवीला इचारू.

गावदेवीला कौल लावायचा मान आमच्या घराकडे आहे. लग्न, विहीर, जमिनीचा व्यवहार, काहीही असो, लोक येतात आणि बाबा कौल लावतात. देवी म्हणजे शेंदूर लावलेली शिळा. तिच्या दोन्ही अंगांना झेंडूची ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि समोर बसून राहायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पाकळी सुकली की पडते, एवढं मलाही कळतं. पण कुठली आधी पडेल ते मला कधी कळलेलं नाही, आणि त्या शिळेसमोर बसल्यावर कुणाला पाकळी सुकण्याचं बोलावंसं वाटत नाही. देवीला न विचारता बाबांनी कुठलं मोठं काम केलेलं नाही, आणि आयुष्यात एकदाही कौल मोडलेला नाही. देवीनं नाही म्हटलं म्हणून हातातोंडाशी आलेली जमीन त्यांनी सोडून दिली होती.

त्या दिवशी दुपार कलताना आम्ही देवळात गेलो. पायऱ्या चढून त्यांनी बराच वेळ खांबाला धरून दम खाल्ला. मग पाकळ्या लावल्या आणि रोजच्या माणसाशी बोलावं तसं देवीला सांगितलं की लेकीनं गाडी घेतलीय, जादाची दोन वर्षं घ्यायची का ते सांग. आम्ही बसलो न बसलो तोच उजवी पाकळी टपकन खाली आली. बाबा माझ्याकडे बघून हसले. घेऊन टाक.

माझ्या मनात तोवर काहीच नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "आता तुमचं इचारा."

बाबांचं हसू गेलं. माझ्याकडे न बघताच बोलले.

"माझं नाय इचारायचं. डावा दिला तर? कौल मला मोडता येत नाय, बाय."

मला क्षणभर कळेना, मग कळलं. डावा दिला तर ऑपरेशनला जाता येणार नाही, याची या माणसाला धास्ती होती. म्हणजे त्यांना जायचं होतं! इतके दिवस नाय नाय करत होते, झिजलं-बिघडलं करत माझी टिंगल करत होते, आणि आत त्यांना जगायचं होतं. सगळ्या गावाचं देवीला विचारणारा माझा बाप स्वतःचं विचारायला घाबरत होता. मला त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही.

"मग मी इचारते," मी म्हटलं.

आमच्याकडे बाईनं कधी कौल लावलेला नाही. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी तांब्यात दोन पाकळ्या बुडवल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. शेंदूर गार लागला. मी मोठ्यानं विचारलं की बाबांनी ऑपरेशन करावं का, आणि मागे येऊन त्यांच्या शेजारी बसले.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. दारातून ऊन आत आलं, शिळेवर चढलं, सरकून भिंतीवर गेलं. बाहेर भात पिवळं पडायला लागलं होतं, त्याचा वास येत होता. माहुली गडाचे सुळके काळे झाले. मी बाबांचा श्वास ऐकत होते, शोरूममध्ये ऐकला तसा. इतकी मोठी गप्प वस्तू मी कधी बघितली नाही. ती शिळा आमच्याकडे बघतेय असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी मान वर करायची माझी छाती झाली नाही.

अंधारून यायला लागलं तसे बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. टोपी झटकली.

"चल," म्हणाले. "ती इचार करतेय. करू दे. तवर आपण जाऊन येऊ."

मी बघतच राहिले. आयुष्यभर जिच्या शब्दाबाहेर हा माणूस गेला नाही, तिच्या उत्तराची वाट न बघता तो पायऱ्या उतरत होता. एकेक पायरी, दम घेत, पण उतरत होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. देवळाचं दार मी तसंच ओढून घेतलं, मागे वळून बघितलं नाही.

दसऱ्याला गाडी आली आणि जादा वॉरंटीच्या कागदावर मी सही केली. पहिली मोठी फेरी कल्याणची, पुढे झेंडूची माळ तशीच. ऑपरेशन झालं. पुढे डॉक्टरांनी पुन्हा पडदा वळवला, आणि त्या धुरात नवी झडप सताड उघडताना मी बघितली. या वेळी मी हात जोडले, लोक गेले उडत. बाबांनी डॉक्टरांना विचारलं की हिची वॉरंटी किती, आणि जादा घ्यायची सोय हाय का. डॉक्टर इतके हसले की सिस्टर बघायला आली.

घरी येताना गावात शिरल्यावर त्यांनी देवळाशी गाडी थांबवायला लावली. पायऱ्या चढायच्या नाहीत अशी मी आधीच तंबी दिली होती, म्हणून मुकाट्यानं बसून राहिले. नुसती काच खाली घ्यायला सांगितली. देवळाच्या उघड्या दारातून शिळा दिसत होती. पाकळ्या कुणीतरी केव्हाच झाडून टाकल्या असणार. बाबांनी काचेतून मान बाहेर काढली.

"आलो गो मी," म्हणाले. "झाला का तुझा इचार?"