हिराबाईंचा निरोप

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी तशी सगळंच सांगते — भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा, दोनदा. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कोण जाणे. तोंड उघडलंय, तर आता मागे फिरणं नाही.

उल्हासनगरच्या एका इस्पितळात मी नर्स आहे, केमोच्या वॉर्डात. आमचा वॉर्ड म्हणजे रडारड, असं वाटतं ना? या एकदा. सलाईन चालू असताना बायका एकमेकींचे विग घालून बघतात, डब्यातल्या लोणच्यावरून रुसवे-फुगवे होतात, आणि या सगळ्या दंग्यात मी पुढे. पेशंटला आणि घरच्यांना धीर देणं, त्यांना बोलतं करणं — हे काम माझंच. नव्या मुलींना मीच शिकवते. ऐकून घ्या, घरच्यांना एकत्र बसवा, खोटा दिलासा देऊ नका. हो — मीच.

तर हिराबाई. मोरिवलीच्या. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. त्यांचे यजमान बाळारामदादा यांनी पहिल्याच दिवशी मला जिन्यात गाठलं. "सिस्टर, तिला सांगायचा नाय हां. ताकदीची सलाईन हाय, असाच बोलायचा."

असं विनवणारे पुष्कळ भेटतात, पण दादांची तयारी दांडगी. वॉर्डाच्या दारावरच्या पाटीत आजाराचं नाव होतं, म्हणून हिराबाई आत जाईपर्यंत ते पाटीसमोर उभे राहायचे. अंगाने चांगले आडवे, त्यामुळे पाटी खरोखर झाकली जायची. हिराबाईंचे केस गळायला लागले, तर यांनी खापर फोडलं गावाजवळच्या केमिकल कंपन्यांवर. बोअरचं पाणी बिघडलंय म्हणे! नुसतं म्हणून थांबले नाहीत, घरी फिल्टर बसवून घेतला. हिराबाईंनी गंभीरपणे मान डोलावली — आणि दादांच्या खांद्यावरून मला डोळा मारला.

त्यांना सगळं ठाऊक होतं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका काय मुक्या असतात?

मग मी काय केलं? दोघांचीही गुपितं सांभाळली. मजा यायची हो, खोटं कशाला बोलू? ते इकडे कुजबुजणार, त्या तिकडे, आणि मधे मी. दोघांना समोरासमोर बसवायला हवं होतं. उद्या बसवू, परवा बसवू, असं करत राहिले.

एकदा सुई लावताना हिराबाईंनी माझा हात धरला. "बाय, मी गेल्यावर तेंना सांगशील? मना सगला ठावं होता म्हनून. नायतर बायकोला फसवला म्हनून जल्मभर जिवाला लावून घेतील. आन सांग, ती पान्याची गोष्ट मना लय आवडली."

मी म्हटलं, आत्ताच सांगा की तुम्ही. तर म्हणाल्या, "नको गो, इतकी मेहनत घेतलीय तेंनी." आणि हसल्या. मीही हसले. गळ्याशपथ सांगेन, म्हटलं.

त्या गेल्या. दिवसकार्य उरकून दादा वॉर्डात आले. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "शेवटपरेंत पत्ता लागू दिला नाय तिला," म्हणाले. "तुमच्यामुलं जमला, सिस्टर." नव्या मुली कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. निरोप अगदी ओठांवर होता — आणि मी काय बोलले? "कमाल केलीत, दादा."

वाटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी ते आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. झोप लागत नाही म्हणाले. तिला काही बोलायचं असेल, तर ते आपल्या खोटेपणापायी राहून गेलं, असं त्यांना वाटत होतं. "तिला खरंच नव्हता ना ठावं?" हिराबाईंना धास्ती होती ती हीच ना? एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलायचं, तर आधी माझं खोटं कबूल करायला हवं होतं, आणि वॉर्डाची लाडकी सिस्टर खोटारडी ठरली असती. मी म्हटलं, "नाही हो दादा, कळलंच नाही त्यांना." इतक्या गोड आवाजात म्हटलं, की आठवलं की माझी मलाच चीड येते.

मी हसरी आहे, कामाला वाघ आहे, नस न सापडणाऱ्या हातालाही बरोबर सुई लावते — आणि मी घाबरट आहे. मला लाज वाटते, हे खरं. पण माझ्या लाजेने दादांना काही झोप लागणार नाही.

गेल्या आठवड्यात ते बदलापूरच्या बाजारात भेटले. जवळच शिरगावला लेकीकडे आले होते. बळेच चहा पाजला. हिराबाईंच्या गोष्टी निघाल्या, आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एकदा तरी तिच्याशी खरा बोलायला पायजे होता मी."

टपरीत आम्ही दोघंच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं, घाई नव्हती.

मी म्हटलं, "चहात साखर जरा जास्तच झाली, नाही?" आणि रिक्षा करून घरी आले.