यादीवरचं लग्न

माझ्या साडूंइतका कामात बुडालेला आणि तरीही कुठलंच काम न उरकलेला माणूस अख्ख्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, दुसरा सापडायचा नाही. सदऱ्याच्या खिशात कायम कामांची यादी. दाढी करून झाली की आधी ‘दाढी करणे’ असं लिहायचे आणि मग थाटात खोडायचे. ‘कालची यादी शोधणे’ हे रोजचं पहिलं काम. चहा विचारला की “साडूभाऊ, फुरसत नाय,” असं म्हणत आणि फुरसत का नाही, हे तासभर बसून सांगत. एकदा माझी विचारपूस करायला आले. मुरगळलेला पाय केव्हाच बरा झाला होता, पण त्यांच्या यादीत तो अजून दुखत होता. शेवटी मी अंगणभर लंगडून दाखवलं, तेव्हा कुठं त्यांनी समाधानानं ती ओळ खोडली.

थोरल्या लेकीच्या लग्नात मात्र या यादीनं घात केला. अक्षता पडत होत्या तेव्हा वधूपिता आचाऱ्याशेजारी उभे राहून जिलब्या मोजत होते.

पुढं धाकटीचं जमलं. कुणी काय आणायचं, कुणाला काय द्यायचं, ते लिहून ठरवायला, म्हणजे आमच्या भाषेत याद्या करायला, सिल्लोडचे पाहुणे घरी आले. साडूंनी यादी उलगडली, ती सोफ्यावरून थेट सतरंजीपर्यंत पोचली. वाचन मांडवाच्या दोऱ्यांपर्यंत आलं, तोच नवरदेवाचे वडील मिशीवर हात फिरवत म्हणाले, “पाव्हणं, पोरगं हितंच हाय, पोरगी हितंच हाय. यादीवरच लगीन लावून टाकू.” आमच्याकडची ही रीतच आहे. बायका ज्वारीच्या अक्षता रंगवायला उठल्यासुद्धा.

वर्षभर अभ्यास करावा आणि परीक्षाच रद्द व्हावी, तसा साडूंचा चेहरा झाला. “अहो, पण बँडवाला? मानपान? रुसलेल्या आत्याबाईंची समजूत काढायचीय, ते तर यादीच्या पार तळाशी हाय.”

“त्यांना रुसायला वेळच मिळत नाही आता,” मी म्हणालो.

तेवढ्यात धाकटी पुढं आली. “अप्पा, ताईच्या वेळेला तुम्ही आचाऱ्यापाशी होते. माझ्या वेळेला इथं बसा.”

साडू बसले. हातातली यादी काही सुटेना. विहीणबाईंनी ती अलगद काढून घेतली आणि तिच्यावरच ओल्या अक्षता वाळत घातल्या. माझ्या शालीचा अंतरपाट झाला. दिवस कलायच्या आत लग्न लागलं.

मग थोरली पेढे वाटत आली. साडूंनी तिला हळूच विचारलं, “अक्षता पडताना धाकटीनं डोळे मिटले होते गं. तूपण मिटले होते का?”

“व्हय अप्पा. मधी एकदा उघडून तुम्हाला हुडकलं. मग परत मिटले.”

स्वयंपाकघरातून हाक आली, मीठ संपलंय म्हणून. साडू उठले नाहीत. जरा सरकून त्यांनी लेकीला जवळ जागा केली. मीठ आणायला मीच गेलो, आणि मुद्दाम लांबच्या दुकानात गेलो.