दारावरचा तीन

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली थंड खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'बाटलीबाई' म्हणायचे. का, तर खोलीच्या दारावरच्या लाल आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तो आकडा पंख्यासमोरच्या हवेचा. मागच्या फळीवरचं दूध किती गार आहे ते त्याला काय डोंबल कळणार? म्हणून त्या दुधाशेजारी पाण्याची बाटली ठेवायच्या, तिच्यात तापमापक बुडवायच्या आणि पाण्याचा आकडा वहीत लिहायच्या. अठरा वर्षं! नवऱ्याचं तोंडही त्यांनी इतक्या नेमाने पाहिलं नसेल.

एका सकाळी दार म्हणालं तीन, पाणी म्हणालं अकरा. बाईंनी तडक मॅनेजरला स्वयंपाकघरात बोलावून आणलं.

"साहेब, दाराचं रबर फाटलंय. दूध, मांस सगळं टाकून द्यावं लागेल."

"उद्या तपासणी आहे आणि तुम्ही अकरा लिहिणार? दारावर तीन दिसतंय ना? तीन लिहा."

"अहो, म्हाताऱ्या माणसांच्या पोटात जायचंय ते!"

"नसेल लिहायचं तर घरी बसा. तुमची जाऊ आहेच की."

धाकटी जाऊ तिथेच कांदे चिरत होती. तिला या कामावर चिकटवलं होतं बाईंनीच. घरी बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याची औषधं यांच्याच पगारावर. बाईंनी तीन लिहिलं आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी सात जण दवाखान्यात गेले. दोघं परत आलेच नाहीत. त्यातल्या एक आजी रोज बाईंना "जेवलीस का गं?" म्हणून विचारायच्या.

चौकशीच्या अधिकाऱ्याने वही पुढे सरकवली. "अक्षर तुमचंच?"

"हो, पण साहेबांनीच लिहायला लावलं."

"मी?" मॅनेजर म्हणाला. "यांच्यावर विश्वास टाकला, एवढीच माझी चूक."

काय हा निलाजरेपणा! "माझ्या जावेला विचारा," बाई म्हणाल्या. "ती तिथेच होती."

जावेने मान वर केली नाही. "मी कांदे चिरत होते. काही ऐकलं नाही." मग हळूच म्हणाली, "ताईंना हल्ली आकडे नीट दिसत नाहीत."

बाईंना त्याच दुपारी काढून टाकलं. संध्याकाळी जाऊ घरी आली, हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागली.

"राग मानू नका, ताई. घरात एक तरी पगार हवा ना?"

आतून नवऱ्याने जेवण मागितलं. जावेनेच ताट वाढून नेलं.