नाथाजी आबांचा दिवा

साताऱ्याच्या एमआयडीसीमागं आमची वस्ती, विहीर एकच. वर रंगाचा कारखाना, त्याचा नाला विहिरीच्या कडेनं जाणारा. १९७४ साल. साहेब लोक यायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि "पाणी चांगलं आहे" म्हणून जीपमध्ये बसायचे. मी भांडायचो. नाथाजी आबा भांडत नसत, ते त्या पाण्याला घाबरत.

त्यांची उभी नोकरी आरमारात, बॉयलरवर. तिथं गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी शिरलं की मीटरचा तांबडा दिवा लागायचा. तसंच आबांनी घरी जमवलं: बॅटरीचे सेल, एक बल्ब, जुन्या सेलमधल्या कोळशाच्या दोन कांड्या. कांड्या नाल्यात बुडवल्या की बल्ब मिणमिणायचा, विहिरीत बुडवल्या की अंधार. रोज सकाळी आबा तपासत आणि बायकांना ओरडून सांगत, "न्हाई लागला, भरा!"

एका सकाळी विहिरीत बेडूक उताणे तरंगत होते. पाण्यावर रंगीत तवंग. आबांनी कांड्या सोडल्या. अंधार. पुन्हा सोडल्या. अंधारच. त्यांनी कांड्या वर ओढल्या आणि हंडे घेऊन आलेल्या बायकांना म्हणाले,

"भरू नका."

"आवं आबा, दिवा कुठं लागलाय?" शालूबाई हसली. "का आज तुमचाच फ्यूज उडाला?"

"ह्याला मीठ कळतं, तेजाब कळतं. तेल, स्पिरिट कळत न्हाई गं! जहाजावर बी कळत नव्हतं."

"मग इतकं दिस गप का बसला?"

आबांनी बल्ब काढला आणि दगडावर फोडला. तेव्हा कुठं बायकांनी हंडे उपडे केले.

"तुमची सून तर उजाडायच्या आधीच भरून गेली," शालूबाई एकदम म्हणाली. "म्हणाली, मामंजींचा दिवा विहिरीत कवा लागलाय?"

आबा अनवाणी पळाले, मी मागं. दारात चार वर्षांची नात, हातात रिकामा पेला.

"प्यालीस?"

"व्हय. दोनदा."

सिव्हिलला नेईपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "पाण्यात काय होतं?" आबांना सांगता येईना. मी कारखान्याच्या गेटवर जाऊन छाती फुटेस्तोवर ओरडलो, नाल्यात काय सोडता त्याचं नुसतं नाव सांगा रं! वॉचमन म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. हरामखोर!

पोरगी शुद्धीवर होती. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं. नर्सनं नळाचं पाणी तांब्यात भरून आबांच्या हाती दिलं. स्वच्छ, नितळ पाणी. आबा त्यात बघत राहिले आणि काही केल्या तिला देईनात.