आठल्येकाकांची भीती

"इथून पुढे मला भीती वाटते. तुम्ही आधी उतरा, मी मागून येतो," असं इंग्रजीत सांगून ते वयस्कर गृहस्थ तळघराच्या जिन्यापाशी बाजूला झाले, तेव्हा आम्ही सात-आठ जण एकमेकांकडे बघत राहिलो. म्युझियम दाखवणारा माणूस असं कधी बोलत नाही. जिना उभा होता, पायऱ्या झिजलेल्या होत्या. पण ते आले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत खाली उतरले आणि शिशाचे खिळे, म्हणजे उलट्या अक्षरांचे ठसे, जुळवून मजकूर कसा छापत, ते त्यांनी अगदी रंगून सांगितलं.

माझी सात वर्षांची इरा खिळ्यांच्या खणात हात घालायला लागली. मी तिला दटावलं, "हात लावू नकोस गं." त्यावर ते मराठीत म्हणाले, "लावू दे. नंतर साबणाने हात धुवायचे, एवढंच."

दिनकर आठल्ये. सांगलीत छापखान्यात मशीन दुरुस्त करायचे, ते तरुणपणी इंग्लंडमध्ये वॉटफर्डच्या छापखान्यात त्याच कामावर आले आणि तिथूनच रिटायर झाले. बायको मालतीकाकू वारलेल्या, मुलगी सुनीता केंब्रिजला संशोधनात. आमच्या कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, एक हौशी इतिहास मंडळ आहे. त्याच्या तीन छोट्या म्युझियम्सपैकी हे छापखान्याचं. काका दर शनिवारी तिथे व्हॉलंटियर म्हणून असत. आम्ही पुण्याहून वर्क व्हिसावर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दिवसापासून आमचेही शनिवार तिथे जायला लागले.

भीती वाटली की काका ती बोलून दाखवत. मोटरवेची भीती वाटते म्हणून केंब्रिजला गावागावांतून तीन तास गाडी चालवत जात. डेंटिस्टला खुर्चीत बसायच्या आधी सांगत. हॅरोला गणपतीच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन म्हणाले, "माझे पाय कापतायत, दोन मिनिटं द्या." पुरुषमंडळी हसली. काका थांबले, पाणी प्यायले आणि मग बोलले. नंतर मी विचारलं, "काका, सगळ्यांसमोर कशाला सांगायचं?" ते म्हणाले, "भीती वाटते, एवढंच म्हटलं. बोलणार नाही असं कुठे म्हटलं?"

यामागची गोष्ट त्यांनी एका दुपारी, म्युझियममध्ये चिटपाखरू नसताना, थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शिफ्ट संपवून कॅनॉलच्या काठाने येताना तीन पोरांनी त्यांना गाठून मारलं होतं. डावा कान तेव्हापासून गेला. घरी आल्यावर त्यांनी मालतीकाकूंना सांगितलं, बर्फावरून घसरलो.

"लाज वाटली," काका म्हणाले. "नवीन बायको. तिला काय सांगणार, मी मार खाल्ला, रडलो? पुढच्या आठवड्यात ती एकटी त्याच वाटेने गेली. तिला काय माहीत? तिच्यावर बाटली फेकली. कपाळाला सात टाके पडले. केतकी, ती जखम पोरांनी केली खरी. पण त्या वाटेवर तिला पाठवली मी."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बऱ्याच गावांत दंगल उसळली. आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांची घरं, दुकानं फोडल्याचे व्हिडिओ फोनवर येत होते. मी ट्रेनमध्ये आईशी मराठीत बोलणं बंद केलं. निखिल, माझा नवरा, इराला सुट्टीतल्या शिबिराच्या दारापर्यंत सोडून ती आत जाईपर्यंत उभा राहायचा. नेमका त्याच महिन्यात एका रविवारी म्युझियमचा ओपन डे ठरला होता. बाहेरून येऊन इथे राहिलेल्या कुटुंबांनी घरच्या जुन्या वस्तू आणून मांडायच्या होत्या. चार दिवस आधी मंडळाला निनावी ईमेल आला: रविवारी आम्हीही येतोय.

मंडळाच्या अध्यक्ष मार्गारेटबाई, भूगोलाच्या रिटायर्ड शिक्षिका, काकांकडे विचारायला आल्या. रद्द करायचं का? काका म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे. पण मी येईन. फक्त बोलावलेल्यांपासून काही लपवायचं नाही."

मग काकांनी एकेका घरी फोन केला. मलाही आला. "धमकी आली आहे. पोलिसांना कळवलंय, ते फेरी मारतील, पण दारात उभे राहणार नाहीत. मी घाबरलोय. मुलांना आणू नका. आला नाहीत तरी मला काही वाटणार नाही." वीस घरांपैकी सोळांनी नाही म्हटलं. निखिल आणि माझं त्यावरून भांडण झालं. शेवटी इराला त्याच्यापाशी ठेवून मी एकटी गेले. धाडस म्हणून नाही. काका तिथे एकटे बसले असतील, हे घरी बसून सहन झालं नसतं.

अकरापर्यंत आम्ही चौदा जण होतो. टेबलावर कुणाचं पोळपाट-लाटणं, कुणाच्या आजोबांचा कोट. कुणाचं बोलण्यात लक्ष नव्हतं. गाडीचं दार वाजलं की सगळे खिडकीकडे बघायचे. बारा वाजून गेल्यावर रस्त्याच्या वळणावर ओरडा ऐकू आला. पंधरा-वीस माणसं होती, काहींनी तोंडं बांधलेली. मार्गारेटबाईंनी पुढचं दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. पहिला दगड खिडकीतून आत आला तो त्या कोटावर पडला.

"सगळे तळघरात," काका म्हणाले. लोक भराभर उतरले. पण नव्वदीचे एक इंग्रज आजोबा वॉकर घेऊन आले होते. त्यांचे वडील त्या छापखान्यात होते, म्हणून मशीन बघायला आले होते. त्यांना जिना जमणं शक्यच नव्हतं. काकांनी त्यांना मोठ्या मशीनच्या आडोशाला बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले. मी जिन्याच्या तोंडाशी होते. मला खाली जायचं होतं, पण पाय हलेनात.

"तुम्हाला भीती वाटते का?" काकांनी आजोबांना इंग्रजीत विचारलं.

"भयंकर," ते म्हणाले.

"मलाही." काकांनी त्यांचा हात धरला. मग माझ्याकडे वळले.  "केतकी, माझ्याशी बोलत राहा. थांबू नकोस."

"काय बोलू?"

"पुण्याच्या घरापासून तुझ्या शाळेत कशी जायचीस, ते सांग."

बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. मी सांगायला लागले. घरातून निघालं की उजवीकडे पिठाची गिरणी. मग सायकलवाला, त्याच्याकडे हवा भरायची. पुढे एक बदामाचं झाड. दुसरी काच फुटली. माझा आवाज बंद पडला. "बदामाच्या पुढे?" काकांनी विचारलं. बदामाच्या पुढे स्टेशनरीचं दुकान, मग देऊळ, मग चौक. मी शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचले, तरी पोलीस आले नव्हते. काका म्हणाले, "आता परत ये." मी परत निघाले. सायरन ऐकू आला तेव्हा मी देवळाशी होते.

सगळे सुखरूप बाहेर पडलो. पण काका त्यानंतर खचले. घरचे पडदे उघडेनात. दर शनिवारी दहा वाजता मार्गारेटबाईंना फोन करत: "आजही जमत नाही." बाई म्हणत, "ठीक आहे, पुढच्या शनिवारी सांगा." ऑक्टोबरच्या शेवटी मी त्यांना गाडीने घेऊन गेले. म्युझियमसमोर काका अर्धा तास गाडीतच बसले आणि म्हणाले, "परत चल." त्याच्या पुढच्या शनिवारी उतरले. नव्या काचेला बोट लावून पाहिलं आणि आत गेले.

मागच्या वसंतात हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना केंब्रिजच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. सकाळी मी पोहोचले तेव्हा सुनीता त्यांची उशी नीट करत म्हणत होती, "बाबा, रूटीन आहे हे. काही होणार नाही." ती चहा आणायला गेली तसं काका म्हणाले, "माझ्या भीतीची तिलाच भीती वाटते. म्हणून बोलू देत नाही."

"काही होणार नाही" हेच माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "काका, मलाही भीती वाटतेय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. खांदे जरा सैल झाले. "बरं झालं," ते म्हणाले. "आता दोघं झालो. सुनीतालाही सांग तसं. तिला एकटीला जड जाईल." पोर्टर बेड न्यायला आला तेव्हा त्यांनी त्यालाही इंग्रजीत सांगितलं, "जरा हळू ने, मी घाबरलोय." त्याने खरंच हळू नेलं.

ऑपरेशननंतर काका शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. त्या तीन दिवसांत, काकांनी सांगितलं होतं तसं, मी सुनीतालाही म्हटलं की मला भीती वाटतेय. ती कॉरिडॉरमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप वेळ रडली.

इराला काय सांगायचं, याची तयारी मी ट्रेनमध्ये केली होती. काका दूर गेले, त्यांना त्रास झाला नाही, वगैरे. ती शाळेतून आली, दुधाचा कप घेऊन किचनच्या टेबलाशी बसली. मी सरळ सांगितलं, काका वारले.

तिने कप खाली ठेवला. "मम्मा, काका स्केअर्ड होते?"

"हो. खूप."

"आणि तू? त्या ओपन डेला पण?"

त्या दिवसाबद्दल मी तिला आजवर काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. तिने ते कुठून ऐकलं आणि किती दिवस मनात ठेवलं, कुणास ठाऊक.

"हो," मी म्हटलं. "मी इतकी घाबरले होते की माझे पाय हलत नव्हते."

इरा उठली. खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि मला खेटून बसली.