नव्या सीटचं प्लास्टिक
उन्हात तापलेल्या नव्या प्लास्टिकचा वास आला की मला नांदेड-लातूर रस्ता आठवतो अन् अजून राग येतो. लेकीला लातूरला क्लाससाठी ठेवलं होतं. पहिल्यांदाच घराबाहेर, झोप लागत न्हाई म्हणून फोनवर रडायची. मी माझ्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली अन् ह्यांच्या नव्या मोटारसायकलवर मागं बसून निघाले. सीट खराब होईल म्हणून ह्यांनी वरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं. मागची जागा वीतभर, फळीसारखी टणक, त्यात पुढं उतरती. एका बाजूला पाय टाकून, मांडीवर गोधडी धरून बसलेली मी दर गचक्याला घसरून ह्यांच्या पाठीवर. लोहा गावाच्या पुढं माझी कंबर धरली. हे म्हणाले, "घे की ती गोधडी बुडाखाली." म्हटलं, "लेकीच्या अंगावरची गोधडी बुडाखाली घेऊ, अन् तुमचं प्लास्टिक तेवढं जपू, व्हय?" अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "आता तुम्ही बसून दाखवा माझ्यासारखं." स्टँडवर लावलेल्या गाडीवर हे मागं तसे बसले अन् चहा संपायच्या आत खाली सरकले. हॉटेलातली माणसं हसली. ह्यांनी गुमान प्लास्टिक टराटरा फाडलं. लातूरला मला सरळ उभं राहता येईना. लेक रडायचं विसरून माझी कंबर चोळत बसली. परवा नातीनं नवी गाडी आणली. मागची सीट आणखी उंच, आणखी अरुंद. म्हणते, "बस आजी, माहूरला जाऊन येऊ." म्हटलं, "ही सीट ज्यानं केली, त्यानं आधी आपल्या आईला मागं बसवून माहूर गाठावं, मग मी बसते."