दारावर कुणाचं नाव

मॅच संपली की स्कोअर तेवढा तसाच राहतो, बाकी सगळं वाढत जातं. वारा वाढतो, चिखल वाढतो, समोरची डिफेंडर दरवर्षी दोन इंच उंच होते. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल क्लबचं असंच झालंय. त्यातून आम्ही सेकंड टीमच्या. फर्स्ट टीमकडे कप आहेत, भिंतीवर फोटो आहेत. आमच्याकडे नुसते किस्से.

दरवर्षी मे महिन्यात डब्लिनमध्ये जुन्या मुलींची एक मॅच होते आणि ती झाली की जेवायला जवळच स्वोर्ड्सला, माझ्या घरी. मी मूळची पुण्याची. इथे मास्टर्सला आले आणि एका फार्मा कंपनीत चिकटले ती चिकटलेच. सायली कोल्हापूरची. आमच्याच कॉलेजात तिने पीएचडी केली, आता बॉल्सब्रिजला ऑफिस आहे तिचं. तिसरी ओर्ला, आमची आयरिश कॅप्टन. ती कासलबारच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, सकाळी गाडी काढून देशाच्या त्या टोकाहून येते. आणि चौथा डेक्लन, आमचा कोच. सत्तरी ओलांडलेला, अंगात कायम तोच निळा रेनकोट.

जेवण सायली करते. ओर्ला पांढरा रस्सा मगात ओतून चहासारखा पिते. डेक्लन तांबडा चाखतो, डोळे पुसतो आणि म्हणतो, "ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे भव्यदिव्य काही नाही. ठीक आहे, चालेल, जिवंत आहे, एवढाच अर्थ.

जेवताना विषय ठरलेला: सेकंड टीमची आजवरची सगळ्यात मोठी लेजंड कोण? इतकी वर्षं हा वाद हातातल्या भाकरीबरोबर संपायचा. यंदा तसं नव्हतं. क्लबने जुनी चेंजिंग रूम पाडून नवी बांधलीय आणि डेक्लन यंदा रिटायर होतोय. क्लबवाले त्याला म्हणाले, तुझ्या टीमच्या खोलीच्या दारावर एका खेळाडूचं नाव लावू, कुणाचं ते तू सांग.

"मी ठरवलं तर तुम्ही मला जन्मभर बोलणार," डेक्लन म्हणाला. "तुम्हीच ठरवा. मी माझा कोट अंगात घालायच्या आत."

*

सायलीचं मत ओर्लाला.

ओर्लाच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. चर्चमध्ये दुपारी, आणि आमची कपची मॅच त्याच दिवशी सकाळी. ओर्ला ब्राइड्समेड, म्हणजे करवली. सकाळी सकाळी पार्लरवालीने तिच्या केसांचा काहीतरी मनोरा उभा केला होता, आत पिना किती होत्या देव जाणे. ती आईला म्हणाली, "मी फक्त टीमला हॅलो करून येते." बहीण हिला ओळखून होती. तिने दारातच बजावलं, "त्या केसांना हात लावलास तर फोटोत उभी राहू नकोस."

ओर्ला ग्राउंडवर आली तेव्हा आम्ही दहाच होतो. एक मुलगी तापाने पडली होती. ओर्लाने गाडीतून बूट काढले. "फक्त पहिला हाफ," ती म्हणाली, "आणि माझ्या डोक्याकडे बॉल देऊ नका."

पहिला हाफ संपता संपता कॉर्नर मिळाला. बॉल नेमका तिच्या डोक्याच्या उंचीवर आला. माणूस अशा वेळी विचार करत नाही. गोल झाला, आम्ही नाचलो आणि ओर्ला तशीच गाडीत बसून चर्चला गेली.

लग्नाच्या अल्बममध्ये आजही ती सगळ्या फोटोंत आहे. मनोरा डावीकडे कललेला आणि कानाच्या वर गवताची एक काडी. बहिणीने विचारलं, "मी काय सांगितलं होतं?"

"मी हात लावलाच नाही," ओर्ला म्हणाली. "बॉल लागला."

*

ओर्लाचं मत सायलीला.

सायलीला फुटबॉल शिकवावा लागला नाही. कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींच्या टीम असतात आणि मॅच असली की अख्खी पेठ बाहेर पडते, हे मला तिच्याकडूनच कळलं. पुण्यात आमच्या सोसायटीत फुटबॉल म्हणजे कुणाच्या तरी खिडकीचा प्रश्न होता. सायली डिफेन्समध्ये सगळ्यात मागे, गोलकीपरच्या पुढे उभी राहायची आणि तिथून ओरडायची. इंग्लिशमध्ये ओरडायला वेळ लागतो म्हणून मराठीत. "सोड" म्हणजे बॉल सोड, मी घेते. "मार" म्हणजे लांब मार. "थांब" म्हणजे थांब.

महिन्याभरात आयरिश मुली या तीन शब्दांवर खेळायला लागल्या. ईफा नावाची आमची डिफेंडर तर बसमध्येसुद्धा कुणी सीट अडवली की "सोड" म्हणायची. समोरच्या टीमला वाटायचं, आमची काहीतरी सांकेतिक भाषा आहे. डेक्लन त्यांना सांगायचा की हो, आहे, वर्षभर बसवलीय.

मग एका टीमशी दुसऱ्यांदा, परतीची मॅच होती. बॉल ईफाकडे येत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मागून खणखणीत आवाज आला, "सोड." ईफाने शहाण्यासारखा बॉल सोडला. तो त्यांच्या स्ट्रायकरने घेतला आणि गोल केला. ओरडली होती तीच.

ओर्ला तावातावाने रेफरीकडे गेली. रेफरी म्हणाला, "ती काय बोलली त्याचा अर्थ काय?" ओर्लाला अर्थ धड सांगता येईना. तिने सायलीला पुढे केलं. सायली अजून त्या स्ट्रायकरकडेच बघत होती.

"गोल दे," ती म्हणाली. "ईफापेक्षा उच्चार चांगला आहे तिचा."

*

माझं नाव कुणीच घेत नाही, आणि त्यात अन्यायही नाही. सगळ्या कॉलेज करिअरमध्ये माझा एक गोल. आमच्याच मुलीने जोरात मारलेला बॉल चुकवायला मी पाठ फिरवली, तो पाठीवर आदळला आणि आत गेला. मला कळलंच नाही. सगळ्या माझ्या अंगावर का पडतायत म्हणून मी घाबरले.

घरी फोन केला. आई म्हणाली, "अगं वा, कुठल्या पायाने मारलास?"

"पाठीने."

आई म्हणाली, "मी सोसायटीत उजव्या पायाने सांगते."

*

माझं मत ग्रेसला. ग्रेस आमची गोलकीपर. आता ऑस्ट्रेलियात असते, त्यामुळे मॅचला येत नाही. तिच्याइतके गोल खाल्लेली गोलकीपर क्लबच्या इतिहासात नसेल, पण तिच्याइतकी शांतही नसेल.

एकदा कासलबारजवळ मॅच होती. तिकडचा वारा समुद्रावरून थेट येतो, मध्ये अडवायला काही नाही. दुसऱ्या हाफला आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध. ग्रेसने गोलकिक घेतली. बॉल छान उंच गेला, पेनल्टी एरियाच्या बाहेर गेला, वर जरा थांबल्यासारखा झाला आणि परत फिरला. आम्ही सगळ्या माना वर करून बघतोय. तो आमच्या डोक्यावरून, मग ग्रेसच्या डोक्यावरून, आमच्याच गोलमध्ये जाऊन पडला.

नियम असा आहे की गोलकिकवरून सरळ स्वतःवर गोल होत नाही, समोरच्यांना कॉर्नर मिळतो. पण हे तिथे फक्त रेफरीला माहीत होतं. दोन्ही टीम पुतळ्यासारख्या उभ्या. डेक्लन लाइनवरून म्हणाला, "ग्रेस, काय झालं?"

ग्रेसने जाळ्यातून बॉल काढला, पुसला.

"निदान टार्गेटवर होता," ती म्हणाली.

*

मतं अशी तीन दिशांना गेली. ओर्ला म्हणाली, "डेक्लन, आता तूच सांग." त्याने ताट बाजूला सारलं. तो सहसा गोष्टी सांगत नाही, आमच्या ऐकतो.

"तुम्ही दोघी आलात त्याच्या आधीचं आहे," तो मला आणि सायलीला म्हणाला. "टीममध्ये नऊ मुली उरल्या होत्या. सीझनच्या पहिल्या मॅचला अकरा उभ्या केल्या नाहीत तर सेकंड टीम बंद, असं क्लबने कळवलं होतं. मी मनातून हरलो होतो. प्रॅक्टिसचे बिब आणि कोन धुऊन पोत्यात भरायला लागलो होतो. ग्रेस म्हणाली, पोतं बांधू नकोस. आणि ती हॉस्टेलवर गेली."

तिथून पुढचं मला माहीत होतं. मी हॉस्टेलच्या लॉन्ड्रीत मशीन थांबायची वाट बघत बसले होते. एक उंच मुलगी आत आली आणि मला म्हणाली, "तुला पळता येतं?"

मी म्हटलं, "नाही."

"ग्रँड," ती म्हणाली. "लेफ्ट विंग."

तेव्हा मला ग्रँडचा अर्थ माहीत नव्हता. मला वाटलं, कौतुक केलं. मी गेले. सायलीला तिने त्याच दुपारी लिफ्टमध्ये गाठलं होतं. अकरा झालो. ती मॅच आम्ही दणकून हरलो, पण टीम राहिली.

आम्ही तिघी जणी आपापल्या मनात तेच बघत होतो. ती लॉन्ड्रीत आली नसती तर आज या टेबलाभोवती आम्ही कुणी बसलेलो नसतो. मला ओर्लाचं नावही कळलं नसतं.

"ग्रेस," सायली म्हणाली. ओर्लाने मान डोलावली.

ग्रेसला मेसेज केला: नव्या दारावर तुझं नाव लागतंय. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"थँक्स. दार नीट उघडतं ना? जुनं अडकायचं."

*

दाराचं ठरलं, तरी ओर्ला हट्ट सोडेना. तिच्या मते खरी लेजंड वेगळीच आहे. दरवर्षी ती हे नाव काढते आणि दरवर्षी सायली ते उडवून लावते. "ते टीममध्ये नव्हते. एक दिवस बघायला आले होते, बास."

ते म्हणजे आप्पा, सायलीचे वडील.

आप्पा कोल्हापुरात फाउंड्रीत होते. तरुणपणी पेठेच्या टीममधून खेळलेले. लहानपणी सायलीला खांद्यावर बसवून मॅचला न्यायचे. ती गल्लीत पोरांबरोबर खेळायला लागली आणि नववीत गेल्यावर आप्पांनीच सांगितलं की आता बास, गुडघा गेला तर पुढं कोण बघणार. ती बरं म्हणाली आणि शिकवणीच्या नावाखाली खेळत राहिली. त्यावर घरात कधी कुणी काही बोललं नाही.

सायलीच्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आप्पा लेकीकडे आले. इथेही ती खेळते हे तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. रविवारी सकाळी म्हणाली, "मैत्रिणींची मॅच आहे, जरा पाणीबिणी द्यायला जाऊन येतो." कोल्हापूरच्या मुली जातो-येतोच म्हणतात.

"मग मी बी येतो की," आप्पा म्हणाले.

सीझनची शेवटची मॅच. हरलो असतो किंवा बरोबरी झाली असती तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो. आप्पा माकडटोपी, स्वेटर, वर सायलीचं जाकीट अशा थाटात लाइनवर उभे राहिले. सायली पाण्याच्या बाटल्या मांडत बसली. ओर्लाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने चार नंबरची जर्सी सायलीच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "चल. आणि युअर मॅनला एक चहा दे, गारठलाय बिचारा."

इथे कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात, तो कुणाचाच नसला तरी. पण सायली आधीच पांढरी पडली होती. "माय मॅन काय? माझे वडील आहेत ते," ती म्हणाली. आणि जर्सी हातात धरून आप्पांकडे बघत राहिली.

आप्पांनी जर्सीकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"बूट घाल की," ते म्हणाले. "का अनवाणी खेळतीस?"

सबंध मॅच ते एकाच जागी. हात मागे बांधून उभे. मी त्या दिवशी बेंचवर होते. सायली अशी खेळली की दोनदा तरी मी बेंचवरून उठून उभी राहिले, पण आप्पांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटाला एक-एक बरोबरी होती. ओर्ला बॉल घेऊन आत घुसली, तिला पाडलं आणि पेनल्टी मिळाली. पेनल्टी नेहमी ओर्ला घ्यायची, पण तिला पाय टेकवेना. तिने बॉल सायलीच्या हातात दिला.

तेव्हा आप्पा हलले. लाइनीलाइनीने चालत कॉर्नरच्या झेंड्यापाशी गेले. सायलीने बॉल ठेवला आणि वर पाहिलं, तर आप्पा हात लांब करून बोट दाखवतायत, गोलच्या पार्किंगकडच्या बाजूला. लपूनछपून नाही. दोन्ही टीमनी पाहिलं, रेफरीने पाहिलं, गोलकीपरने पाहिलं. डेक्लनने रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

सायली धावली. गोलकीपरने पार्किंगकडे झेप घेतली. बॉल झाडांकडच्या कोपऱ्यातून आत गेला.

आम्ही डिव्हिजनमध्ये राहिलो. बसने घरी जाताना आप्पा खिडकीशी बसले, सायली त्यांच्या शेजारी, मी आणि ओर्ला मागच्या सीटवर. शेवटी सायलीला राहवलं नाही.

"आप्पा, सगळ्यांच्या देखत असा हात करतात होय? मी तिकडं मारणारच नव्हतो."

आप्पा बाहेर बघत होते.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तू माझं कवा ऐकलंयस? पर त्या गोलकीपर पोरीला कुठं ठावं हुतं."